सुलतान मागावर असतो तेव्हा

वाचकाचं पत्र

आम्ही फ्रान्समध्ये तुलूझजवळच्या एका गावात राहतो. नवरा विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. मी बरंचसं काम घरून करते, पण आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जावं लागतं. मुलगा सात वर्षांचा. मार्चमध्ये आम्ही प्राण्यांच्या निवाऱ्यातून ‘ग्रां ब्लू द गास्कोन्य’ जातीचा कुत्रा आणला. नाव सुलतान. आधी शिकाऱ्याकडे होता. डॉक्टरांच्या अंदाजाने चार-पाच वर्षांचा असावा. स्वभावाने इतका गरीब की मुलगा त्याचे कान हातात घेऊन बसतो तरी हलत नाही. पण आम्ही घराबाहेर पडलो की तो तासन्‌तास हेल काढून रडतो. शेजाऱ्यांनी लेखी तक्रार दिली आहे. एकदा रानात पट्टा सोडला तर गायब झाला आणि दुसऱ्या दिवशी सहा-सात किलोमीटरवरच्या गावात सापडला. हाक मारली तर वळूनही पाहत नाही. कानांना वास येतो. आमच्या घरात मांसाहार शिजत नाही, त्यामुळे त्याला काय घालावं कळत नाही. पुढच्या महिन्यात सासूबाई पुण्याहून येणार आहेत. फोनवर त्याचं रडणं ऐकून त्या म्हणाल्या, “हे लक्षण चांगलं नाही.” शिवाय दोन वर्षांनी आम्ही कायमचे पुण्याला परतणार. त्याला न्यावं का? की आत्ताच परत देऊन टाकावं?

— एक वाचक, तुलूझ

उत्तर

प्रिय ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: आत्ता परत देऊ नका. तो रडतो, पळतो, ऐकत नाही, अशा तीन तक्रारी तुम्ही लिहिल्या आहेत, पण मला त्या तिन्हींचं मूळ एकच दिसतं. ज्या कामासाठी त्याच्या पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवल्या गेल्या, ते काम तो करतोय. ते कुठे करायचं आणि कधी थांबायचं, हे मात्र नव्या घरात त्याला अजून उमगलेलं नाही. त्याचा स्वभाव बदलणार नाही. त्याचा दिवस कसा जातो हे बदलता येतं, आणि ते सगळं तुमच्या हातात आहे.

आपल्याकडे शिकारी कुत्रा म्हटलं की मुधोळ किंवा कारवानी आठवतो. लांब पायांचा, सडपातळ, ससा दिसताक्षणी सुटणारा. तो डोळ्यांनी शिकार करतो, आणि सावज नजरेआड झालं की बहुतेक वेळा त्याची धावही तिथेच संपते. सुलतानची जात याच्या अगदी उलट. त्याला सावज दिसण्याची गरजच नसते. काही तासांपूर्वी ससा ज्या गवतातून गेला, त्या गवतावर राहिलेला वास त्याला पुरतो. पळ फार वेगाचा नाही, चिकाटी मात्र जबरदस्त. ससा आपल्याच वाटेवरून उलटा येऊन, मध्येच बाजूला उडी मारून माग तोडतो. उतावळा कुत्रा तिथे फसतो. ग्रां ब्लू थांबतो, मागे येतो, गोल फिरून तपासतो आणि माग पुन्हा पकडतो. असा कुत्रा मान खाली घालून चालायला लागला की तुमची हाक त्याच्या कानावर पडते, पण त्या क्षणी तिला किंमत नसते. याला हट्टीपणा म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे.

तुम्ही या जातीच्या माहेरघरातच राहता. तुमच्या पश्चिमेला जेर्स जिल्हा सुरू होतो, तिथून पिरेनीज डोंगरांच्या पायथ्यापर्यंतचा सगळा मुलूख म्हणजे जुना गॅस्कनी, सुलतानच्या जातीच्या नावातलं ‘गास्कोन्य’. दक्षिणेला तासा-सव्वातासाच्या अंतरावर फ्वा गावचा किल्ला आहे, तो एकदा सुट्टीच्या दिवशी मुलाला दाखवून आणा. या फ्वाचा काउंट गास्ताँ फेब्यूस (१३३१–१३९१) लांडगे, अस्वलं आणि रानडुकरं यांच्या शिकारीसाठी कुत्र्यांचे मोठे ताफे बाळगायचा, आणि सुलतानच्या पूर्वजांचा इतिहास तिथपर्यंत सांगितला जातो. त्याने शिकारीवर एक ग्रंथही लिहून ठेवला. त्यातला मला सर्वांत आवडणारा भाग शिकारीचा नाहीच, कुत्र्यांच्या निवाऱ्याचा आहे. जमिनीवर जाड पेंढा असावा, तो वेळच्या वेळी बदलावा, उन्हाच्या बाजूला अंगण असावं, भिजून आलेल्या कुत्र्यांना ऊब मिळावी म्हणून चूल असावी, आणि रात्री एका पोराने कुत्र्यांजवळच झोपावं म्हणजे ती भांडणार नाहीत. सहाशे वर्षांपूर्वीच्या या सूचना वाचल्या की एक गोष्ट पक्की कळते: हा कुत्रा कधीच एकटा राहिलेला नाही. दिवसा टोळीत, रात्री टोळीत, जोडीला माणूस.

पुढे लांडगे संपत गेले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकापर्यंत फ्रान्समधून ते नाहीसेच झाले आणि थेट १९९२ मध्ये आल्प्समधल्या मेर्कांतूर राष्ट्रीय उद्यानात पुन्हा दिसले. दरम्यान मोठ्या लांडगेमार कुत्र्यांचं काम गेलं, ताफे मोडले, आणि ही जात ससा, हरीण, रानडुक्कर यांच्या शिकारीवर तगून राहिली. फ्रान्सच्या नैऋत्येबाहेर ती आजही क्वचितच दिसते.

आता सुलतानकडे नीट बघा. अंगावर काळे आणि पांढरे केस इतके दाट मिसळलेले असतात की लांबून रंग पाटीसारखा निळसर करडा दिसतो. नावातला ‘निळा’ तो हाच. डोक्याच्या दोन्ही बाजूंना काळे डाग असतात, ते कान आणि डोळे झाकून गालांवर थांबतात. मध्ये पांढरी पट्टी राहते आणि तिच्यावर बऱ्याचदा एक छोटा काळा लंबगोल ठिपका असतो, ती या जातीची खूण. भुवयांवर तांबूस ठिपके, त्यामुळे त्याला चार डोळे असल्यासारखं वाटतं. कान पातळ, आतल्या बाजूला वळलेले आणि पुढे ओढले तर नाकाच्या टोकापर्यंत पोचणारे. नराची उंची खांद्यापाशी ६५ ते ७२ सेंटिमीटर, मादीची ६२ ते ६८. एकदा टेप घेऊन मोजा. साठच्या आत भरला तर तो बहुधा याच घराण्यातला धाकटा, ‘प्ती ब्लू’ असेल. निवाऱ्यातल्या कुत्र्यांना बहुतेकदा वंशावळीचे कागद नसतात, आणि शिकाऱ्यांकडे या भागातल्या जातींची सरमिसळही होते. त्याने काही बिघडत नाही, देखभाल सारखीच. नावावरून मात्र एक अंदाज करता येतो. फ्रान्समध्ये नोंदणीच्या कुत्र्यांना वर्षागणिक एक अक्षर ठरलेलं असतं, आणि २०२१ साली ते ‘एस’ होतं. जन्मापासूनचं नाव खरंच सुलतान असेल तर डॉक्टरांचा अंदाज बरोबर जुळतो.

आता रडण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण तक्रारीचं पत्र आलंय म्हणजे हाच प्रश्न सर्वांत निकडीचा आहे.

सासूबाईंना आधी हे सांगा. रात्री कुत्रं रडलं की आपल्याकडे घरातली मोठी माणसं अस्वस्थ होतात, आणि त्यांची ती भीती हसण्यावारी नेऊ नका. पण गॅस्कनीत या आवाजासाठीच कुत्रा निवडतात. या जातीच्या अधिकृत मानकात आवाजाचा वेगळा उल्लेख आहे: खर्जातला, हेल काढून ओरडणारा. धुक्यात, दाट झाडीत ताफा दिसत नाही, तेव्हा शिकारी नुसत्या आवाजावरून ओळखतो की आपला कोणता कुत्रा कुठे आहे, माग ताजा आहे की शिळा, सावज उभं राहिलं की पळतंय. १७८५ साली लाफायेत या फ्रेंच सेनापतीने जॉर्ज वॉशिंग्टनला फ्रान्सहून शिकारी कुत्रे पाठवले होते. वॉशिंग्टनच्या घरात वाढलेल्या त्याच्या सावत्र नातवाने पुढे लिहिलं की त्यांचा आवाज मॉस्कोच्या घंटांसारखा होता. सासूबाई आल्या की त्यांनाच सकाळी सुलतानच्या खाण्याचं भांडं खाली ठेवू द्या. घरात दिवसभर एक माणूस असणं ही त्याच्यासाठी पुढच्या काही महिन्यांतली सर्वांत मोठी मदत ठरेल.

पण मागावरचा आवाज वेगळा आणि रिकाम्या घरातलं रडणं वेगळं. हे रिकाम्या घरातलं रडणं म्हणजे टोळीतून तुटलेल्या कुत्र्याची हाक. तुम्ही नसताना नेमकं काय होतं हे पाहण्यासाठी जुना फोन लावून एकदा चित्रण करा. तुम्ही गेल्यावर पहिल्या काही मिनिटांतच सुरू होऊन न थांबणारं रडणं, दार ओरबाडणं, लाळ गळणं, घरातच लघवी होणं, असं दिसलं तर ती एकटेपणाची धास्ती आहे. तासाभराने सुरू होऊन मधूनमधून होणारं असेल तर बहुतेक कंटाळा किंवा बाहेरच्या आवाजाला दिलेलं उत्तर.

धास्ती असेल तर उपाय हळूहळूच होतो. चपला घाला, किल्ल्या घ्या आणि बाहेर न जाता परत बसा. मग दाराबाहेर अर्धा मिनिट. मग दोन मिनिटं. तो शांत आहे तोवर परत या. रडायला लागेपर्यंत थांबलात तर त्या दिवसाचा धडा वाया गेला समजा. हे चालू असताना ऑफिसच्या तीन दिवसांची दुसरी सोय करावीच लागेल. शेजारपाजारची एखादी निवृत्त व्यक्ती, दिवसभर कुत्रे सांभाळणारं कुणी, नवऱ्याच्या आणि तुमच्या घरून कामाच्या दिवसांची अदलाबदल, काहीही. महिना-दोन महिने एवढं सांभाळलंत तर फरक दिसेल. भुंकल्यावर शॉक देणारा किंवा फवारा मारणारा पट्टा मात्र कुणी कितीही सुचवला तरी घेऊ नका. घाबरून ओरडणाऱ्याला आणखी घाबरवून तो गप्प बसेलही, पण धास्ती आत वाढत जाईल आणि दुसरीकडून फुटेल. दुसरा कुत्रा आणण्याचा विचार तुमच्या मनात येईल. या जातीला ते मानवतं, पण आधी हा स्थिरावू द्या, आणि पुण्याचा निर्णय झाल्याशिवाय तर नकोच.

शेजाऱ्यांकडे स्वतः जा. पत्राला पत्राने उत्तर देऊ नका. कुत्रा कुठून आला, तुम्ही काय करताय, किती दिवस लागतील हे सांगा आणि कोणत्या वेळी जास्त त्रास होतो ते विचारून लिहून घ्या. फ्रान्सच्या कायद्यात पाळीव प्राण्याचा आवाज फार वेळ, वारंवार किंवा फार मोठा असेल तर दिवसाही तो त्रासच धरतात. ‘रात्री दहाच्या आत चालतं’ हा गैरसमज आहे. प्रकरण गावच्या मेयरकडे जाण्याआधी बोललेलं बरं. त्या भागातल्या जुन्या लोकांना हे कुत्रे माहीत असतात. शिकाऱ्याकडचा कुत्रा तुम्ही घरात घेतलात हे कळल्यावर बरेच जण मऊ होतात.

आता पळण्याबद्दल. कुंपण नसलेल्या जागी त्याचा पट्टा सोडू नका. आज नाही, सहा महिन्यांनीही नाही. घरी शहाण्यासारखं वागतो म्हणून रानातही वागेल, असं या जातीत होत नाही. दहा-पंधरा मीटर लांबीची मजबूत दोरी आणि छातीवरून जाणारा पट्टा घ्या. गळ्यातल्या पट्ट्याला लांब दोरी लावू नका, पस्तीस-चाळीस किलोचा कुत्रा धावत जाऊन झटक्याने थांबला तर मानेला इजा होते. चाकात गुंडाळली जाणारी दोरीही नको. हातमोजे घाला.

मग त्याला हुंगू द्या. खरा उपाय हाच आहे आणि तुमच्या पत्रात याचा उल्लेखच नाही, म्हणून मुद्दाम सांगते. रस्त्याने शेजारी चालवत नेलेला तास त्याला दमवत नाही. पायवाटेच्या कडेने, ओढ्याच्या काठाने, त्याच्या मर्जीने नाक खाली घालून केलेला पाऊण तास त्याला पुरा दमवतो. सकाळी ऑफिसला निघण्याआधी हा पाऊण तास आणि संध्याकाळी तेवढाच. सुट्टीच्या दिवशी खेळ करा: मुलाने सुक्या मांसाचा तुकडा दोरीला बांधून गवतातून ओढत न्यावा, वळणं घ्यावीत, शेवटी झुडपामागे डबा ठेवावा, आणि अर्ध्या तासाने सुलतानला सुरुवातीच्या जागी सोडावं, अर्थात दोरीवर. आठवड्याभरात मुलाला माग अवघड कसा करायचा याचं वेड लागेल. माग काढायला शिकवणारे वर्ग फ्रान्समध्ये कुत्र्यांच्या प्रशिक्षणाच्या मैदानांवर भरतात, तिथे चौकशी करा. तिथे त्याच्या नाकाला काम मिळतं आणि कुणाचा जीव जात नाही.

हाकेऐवजी शिंग वापरून बघा. इथले शिकारी ताफा परत बोलवायला छोटं शिंग फुंकतात. शिकारीच्या सामानाच्या दुकानात मिळतं. सुलतानला त्या आवाजाचा अर्थ आधीच माहीत असण्याची बरीच शक्यता आहे. रोज जेवण देताना एकदा फुंका, म्हणजे तो अर्थ पक्का होईल.

रानातले दोन नियम ध्यानात ठेवा. १५ एप्रिल ते ३० जून या काळात जंगलातल्या पायवाटा सोडून आत गेलात तर कुत्रा दोरीवरच हवा, कारण तेव्हा पक्षी आणि प्राणी पिलांवर असतात. आणि एरवीही मालकापासून शंभर मीटरपेक्षा दूर गेलेला, ताब्याबाहेरचा कुत्रा कायद्याने भटका धरला जातो. त्याला पालिकेच्या कोंडवाड्यात नेलं तर आठ कामकाजाच्या दिवसांत सोडवावा लागतो, नाहीतर तुमचा हक्क जातो. म्हणून त्याच्या कातडीखालच्या ओळखीच्या चिपची नोंद निवाऱ्याच्या किंवा जुन्या मालकाच्या नावावरून तुमच्या नावावर झाली आहे ना, हे आजच तपासा. पत्ता आणि फोन नंबर चालू हवा. सप्टेंबर ते फेब्रुवारीअखेर शिकारीचा हंगाम असतो, त्या दिवसांत रानात जाताना स्वतःला आणि त्याला भडक नारिंगी रंगाचं काहीतरी घाला. शिकार चालू असल्याचा फलक दिसला तर सरळ मागे फिरा. दुसऱ्या ताफ्याचा आवाज ऐकून तो दोरीसकट तुम्हाला ओढेल.

पुन्हा निसटलाच तर त्याच्यामागे धावत सुटू नका. जिथून गेला तिथे तुमचा वापरलेला कोट आणि पाण्याचं भांडं ठेवून द्या. हे कुत्रे दमल्यावर स्वतःच्याच मागावरून उलटे येतात, आणि सकाळी बऱ्याचदा त्या कोटावर झोपलेले सापडतात. शिकाऱ्यांची ही जुनी रीत आहे. आज त्यासोबत गळ्यात जीपीएसचा पट्टाही बांधतात, तुम्हीही घ्या.

कानांना वास येतो म्हणता, तर त्यासाठी घरगुती उपाय करू नका, या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. लांब, जड, लोंबत्या कानात हवा जात नाही, ओल राहते आणि जंतू किंवा बुरशी वाढते. आत काय आहे हे बघूनच औषध ठरतं. तेल, हळद, लिंबू काहीही घालू नका आणि कापूस लावलेली काडी आत घालू नका. कान बरे झाल्यावर आठवड्यातून एकदा डॉक्टरांनी दिलेल्या द्रावणाने स्वच्छ करायचे, आणि पोहून किंवा पावसातून आला की कोरडे करायचे. पाण्याचं आणि खाण्याचं भांडं अरुंद तोंडाचं, खोल घ्या, म्हणजे कान बाहेर राहतात. मे ते जुलैमध्ये सुकलेल्या रानगवताची कुसळं कानात आणि पायाच्या बोटांमध्ये घुसतात आणि आत-आत सरकत जातात. फिरून आल्यावर अचानक डोकं झटकायला लागला, एक कान खाली धरून चालायला लागला, तर त्याच दिवशी दाखवा.

तुमच्या भागातले आणखी काही धोके नाक जमिनीला लावून चालणाऱ्या कुत्र्यासाठी जास्त मोठे आहेत. हिवाळ्याच्या अखेरीस पाइनच्या झाडांवर कापसाच्या पुंजक्यांसारखी घरटी दिसतील. त्यातल्या अळ्या एकामागून एक रांगेने जमिनीवर उतरतात. त्यांचे केस जिभेला लागले की जीभ सुजते आणि तिचा भाग झडूही शकतो. असं झालं तर चोळू नका, भरपूर पाण्याने धुवा आणि तडक डॉक्टरकडे जा. गोचिडीमुळे होणारा पिरोप्लाझ्मोसिस नैऋत्य फ्रान्समध्ये सर्रास आढळतो: ताप, मरगळ, खाणं बंद, लघवी कॉफीच्या रंगाची. यातलं काही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. वालुमाशीतून पसरणाऱ्या लीशमानियासिस या रोगासाठी रक्त तपासून घ्या आणि उन्हाळाभर माशी दूर ठेवणारा पट्टा घाला. आणि कुणी शिकारी शेजारी प्रेमाने रानडुकराचं कच्चं मांस देऊ लागला तर नम्रपणे नाही म्हणा. त्यातून होणारा ओयेस्कीचा रोग कुत्र्याला वाचू देत नाही.

खाण्याचं फार मनाला लावून घेऊ नका. घरात मांस शिजवण्याची गरज नाही. मोठ्या जातीच्या प्रौढ कुत्र्यांसाठी बनवलेलं चांगल्या प्रतीचं कोरडं खाणं पूर्ण आहार असतं. पोळी-दूध किंवा वरण-भातावर त्याला ठेवू नका, त्यात त्याला लागणारी प्रथिनं पुरेशी नसतात आणि दुधाने अनेक प्रौढ कुत्र्यांचं पोट बिघडतं. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं आणि मनुका या त्याच्यासाठी विषारी गोष्टी आहेत. सासूबाई सत्यनारायणाचा प्रसाद करतील तेव्हा शिऱ्यातल्या मनुकांचं हे आधीच सांगून ठेवा. एकदम मोठं जेवण न देता दिवसाचं खाणं दोन-तीन वेळात विभागा आणि खाण्याच्या आधी-नंतर तासभर पळापळ नको. खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये जठराला पीळ पडण्याचा धोका असतो. पोट ताठर फुगलंय, उलटीचे उमाळे येतायत पण बाहेर काही पडत नाही, अशी अवस्था दिसली तर रात्र असली तरी लगेच इस्पितळ गाठा, तिथे एक-एक तास मोलाचा असतो. वजनाकडेही लक्ष द्या. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवल्यावर लागल्या पाहिजेत. बाकी अंगाला फार काही करावं लागत नाही: आठवड्याला एकदा रबरी ब्रश, नखं आणि झोपायला जाड गादी.

मुलाबद्दल एकच गोष्ट. सुलतान सोशीक आहे, पण कान दुखत असताना त्यांना हात लावू देऊ नका, आणि खाताना-झोपेत असताना त्याच्याजवळ जायचं नाही हा नियम घरात सगळ्यांनाच असू द्या.

आता पुणे. उन्हाची काळजी वाटत असेल, तर ती तेवढी मोठी नाही. तुलूझचा उन्हाळाही काही वर्षी चाळिशीला टेकतो, आणि एप्रिल-मेमध्ये पहाटे आणि रात्री फिरवून, दुपारी थंड फरशीवर ठेवून तो राहू शकतो. मला काळजी वाटते ती जागेची आणि वेळेची. सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, दोघं दिवसभर ऑफिसात, खाली गल्लीतली कुत्री आणि भिंतीला भिंत लावून शेजारी, असं चित्र असेल तर नेऊ नका. तळमजल्याचं किंवा अंगणाचं घर, दिवसभर कुणी ना कुणी घरात, आणि रोज सकाळी टेकडीवर किंवा नदीकाठी दोरीवर तासभर हुंगायला नेणारं माणूस असेल तर अवश्य न्या. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा ससा, भेकर, मोर यांच्यामागे तो सुटणं तुम्हालाही अडचणीत आणेल. सह्याद्रीत नेलात तरी दोरी सुटता कामा नये, आणि अभयारण्यात न्यायचाच नाही.

नेण्याचं ठरलं तर तयारी बरीच आधी सुरू करावी लागते. परदेशात किमान दोन वर्षं राहून कायमचं परतणाऱ्याला घरचा कुत्रा सोबत आणता येतो. त्यासाठी भारत सरकारच्या प्राणी विलगीकरण केंद्राचं ना-हरकत पत्र लागतं आणि तुमच्यासाठी प्रवेश मुंबईतून सोयीचा. नियमांची ताजी प्रत सहा महिने आधी मागवून घ्या. मोठ्या आकाराचा प्रवासी पिंजरा तेव्हाच आणा आणि रोज त्यातच जेवण द्या, म्हणजे विमानाच्या दिवशी त्याला तो परका वाटणार नाही. निघण्यापूर्वी फ्रान्समध्येच रेबीजच्या प्रतिकारशक्तीची रक्ततपासणी करून तिची नोंद त्याच्या युरोपीय पासपोर्टमध्ये करून घ्या. पुढे कधी परत युरोपात यायची वेळ आली आणि मधली लस चुकली नसेल, तर तीन महिने थांबावं लागणार नाही.

नेता येणार नाही असं दिसलं तर तो निर्णय निघण्याच्या वर्षभर आधी घ्या, शेवटच्या महिन्यात नाही. जेर्समध्ये, फ्वाच्या बाजूच्या अरिएज जिल्ह्यात अशी घरं आहेत जिथे अंगण मोठं असतं, आधीच एक-दोन असेच कुत्रे असतात आणि माणसं दिवसभर घरात असतात. निवाऱ्याला आत्ताच कळवून ठेवा की अशा घराचा शोध लागेल तशी भेट घालायची आहे. मग तीन-चार शनिवार-रविवार त्याला तिथे नेऊन आणा, रात्री राहू द्या, आणि तिथल्या कुत्र्यांशी त्याचं जमलं तरच पुढचं ठरवा.